फणी फिरवलेली गोष्ट

आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात परवा एक जर्मन पाहुणा आला होता. जेवायच्या टेबलावर मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला गेले. तो आधी खूश झाला, मग जरा गोंधळला आणि शेवटी चमचा खाली ठेवून हसत सुटला. इनव्हॉइस आणि मुदतवाढ यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला आठवेना. पण चरखा, लांडगा, चेटकीण, पिठाची गिरणी, पाव भाजायची भट्टी हे सगळे शब्द लिंगासकट तोंडपाठ होते. "तुम्ही जर्मन शिकलात कुठं? जंगलात?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, गाझियाबादला. खरं तर शिकले मी याच इमारतीत, पण शेलार सर म्हटलं की मला त्यांचं गाझियाबादचं घरच आठवतं. ते का आठवतं, हे त्या पाहुण्याला जेवता जेवता सांगण्यासारखं नव्हतं.

प्रभाकर शेलार. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, पण वाढले दिल्लीत. एका सरकारी खात्यात भाषांतरकार म्हणून निवृत्त झालेले. आमची कंपनी जर्मन लोकांनी विकत घेतली तेव्हा एचआरवाल्यांना एकदम ज्ञानाचा उमाळा आला आणि दर शनिवारी सकाळी जर्मनचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी गाझियाबादच्या वैशालीहून निघून, राजीव चौकाला मेट्रो बदलून, अंगानं बारीक, गळ्यात मफलर आणि काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा अशी एक मूर्ती आमच्या काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये शिरली. डब्यात बिस्किटं असतील म्हणून आम्ही आशेनं पाहिलं. डबा रिकामा होता. सरांनी तो टेबलावर सरकवला आणि म्हणाले, "सब लोग अपना फोन इसमें डालिए." फोन गोळा झाल्यावर त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि एसी बंद केला. एसीच्या घरघरीत शब्दाची शेपूट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेपटीवर त्यांचा फार जीव. कुणी शब्दाचा शेवट खाल्ला की ते डोळे मिटून म्हणत, "फिर से." त्यांचा आवाज कधी चढत नसे. पण ते ‘फिर से’ इतक्या शांतपणे आणि इतक्या वेळा येई की आमच्या अकाउंट्सचा एक भला माणूस एकदा हात जोडून म्हणाला, "सर, डाँट लीजिए, पर फिर से मत बोलिए." सर त्यावर गोड हसले आणि म्हणाले, "फिर से." वहीत काही उतरवायचं तर आधी दोनदा ऐकायचं, असा नियम होता. रेकॉर्ड करायला सक्त मनाई. त्यानं कानाला आळस लागतो.

पाठ्यपुस्तक त्यांनी दुसऱ्याच शनिवारी बाजूला सारलं. "ह्यातला माणूस सारखा स्टेशनवर जाऊन तिकीट काढतो. त्याला जायचंय कुठं ते काही कळत नाही," असं मला मराठीत म्हणाले आणि लोककथा वाचायला घेतल्या. त्या आपल्या सगळ्यांना लहानपणी मिळालेल्या जर्मन गोष्टी, आणि त्या गोळा करणारे ते दोघे भाऊ. सर त्यांची नावं कधी घेत नसत. थोरला आणि धाकटा, एवढंच. जणू वरच्या मजल्यावर राहतात. "थोरला कडक. जे ऐकलं तेच छापायचं म्हणणारा. धाकटा जरा हौशी. तो प्रत्येक आवृत्तीला गोष्टीवरून हात फिरवायचा. इथं एखादा संवाद घाल, तिथलं वाह्यात काढून टाक." ते दोघे झोळी घेऊन खेडोपाडी हिंडले असा आपला समज असतो. तो मोडून काढताना सरांना विशेष आनंद होई. "कुठले हिंडतात! लायब्ररीत नोकरीला होते दोघं. गोष्टी सांगणाऱ्या पोरीच त्यांच्या घरी यायच्या. चांगल्या घरच्या, शिकल्यासवरल्या. खायच्या, प्यायच्या, गोष्टी सांगायच्या. आपली भिशी असते ना, तसं."

भिशी हा शब्द उगाच आलेला नव्हता. सरांनी स्वतः गोष्टी गोळा केल्या होत्या त्या भिशीतच. ऐन उमेदीत असताना त्यांच्या वहिनीकडे महिन्यातून एकदा दिल्लीतल्या मराठी बायका जमत. कुणी खानदेशातून लग्न होऊन आलेली, कुणी दिल्लीतच हिंदूराव भागात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या ग्वाल्हेरकर घरातली. सर कोपऱ्यात वेताचा मोडा घेऊन बसत, डोळे मिटून ऐकत, मग आतल्या खोलीत जाऊन लिहून काढत. त्याचं पुढं एक छोटंसं पुस्तक झालं. त्या पुस्तकाचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. गोष्टी जशाच्या तशा छापल्या का, असं मी विचारलं तर म्हणाले, "छे गं. बाई सांगताना मध्येच दूध उतू जातं, मध्येच सुनेची तक्रार येते. मी फक्त फणी फिरवली." मग जरा ताठ होऊन म्हणाले, "पण छापायच्या आधी जिची गोष्ट तिला वाचून दाखवली. तिनं मान डोलावल्याशिवाय एक ओळ पुढं गेली नाही. त्या दोघा भावांनी हे केलं नव्हतं हं."

वर्गात मराठी मी एकटीच, त्यामुळे परतताना मेट्रोपर्यंतची वाट आमची दोघांची. माझा जन्म दिल्लीतला, माझी भाषा अच्छा-बिल्कुल-यारमध्ये मुरलेली. "तुझं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं," असं ते म्हणत, आणि मी चिडले की खिशातून सुकं अंजीर काढून देत. त्यांना बोलायला माणूस हवं होतं आणि मला ऐकायला आवडायचं. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं. घरी ते आणि वहिनी. थोरले भाऊ केव्हाच वारलेले. आई लहानपणीच गेली, तेव्हा दिल्लीत नोकरीला असलेल्या भावानं त्यांना इकडं आणलं आणि नव्यानं लग्न होऊन आलेल्या वहिनीनं वाढवलं. बोलण्यात दर दोन वाक्यांना वहिनी यायची. वहिनी म्हणते मफलर घे. वहिनीनं आज वालाचं बिरडं केलंय. माणसं आईबद्दल बोलतात तसंच ते होतं, फक्त शब्द वेगळा.

एका शनिवारी आम्ही त्या जंगलात सोडून दिलेल्या भावंडांची गोष्ट वाचत होतो. दुष्काळात सावत्र आई नवऱ्याला भरीस घालते आणि पोरांना रानात सोडून यायला लावते, ती. मी सहज विचारलं, "सर, ह्या सगळ्या गोष्टींत आई सावत्रच कशी? सख्ख्या आया काय करत होत्या?"

सरांचा चेहरा खुलला. हा त्यांच्या आवडीचा विषय. "सख्खीच थी!" ते सगळ्या वर्गाला म्हणाले. "पहली बार छपी तब माँ ही थी. अपनी माँ. लेकिन लोगों ने कहा, बच्चों की किताब है, माँ ऐसा कैसे कर सकती है? तो छोटे भाई ने बाद में कलम उठाई और सौतेली कर दिया. बस एक शब्द. माँ की इज़्ज़त भी रह गई और कहानी भी." त्यांनी फळ्यावर जर्मनमधला ‘आई’ हा शब्द लिहिला आणि त्याच्यापुढं ‘सावत्र’ जोडला. "कितना आसान है देखिए. मैंने भी अपनी किताब में..."

आणि ते थांबले. मार्कर फळ्याला टेकलेला तसाच. आम्हाला वाटलं, त्यांना काही होतंय. अकाउंट्सवाला पाणी घेऊन धावला. सरांनी पाणी घेतलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण काढून फोन ज्याचे त्याला दिले, मफलर गुंडाळला आणि अर्ध्या तासातच वर्ग सोडून निघून गेले. डबा टेबलावर राहिला. मी तो घेऊन खाली धावले तेव्हा ते टॅक्सीत बसत होते. मेट्रोशिवाय कशानंही न जाणारा माणूस टॅक्सीनं गाझियाबादला निघाला होता.

पुढचा शनिवार त्यांनी चुकवला. त्यानंतर आले तेव्हा परतीच्या वाटेवर अंजीर निघालं नाही. राजीव चौकाच्या गर्दीत, बाकावर बसून, एकामागून एक गाड्या सोडून देत त्यांनी मला सगळं सांगितलं.

पुस्तकातली शेवटची गोष्ट वहिनीची होती. ती अशी: दुष्काळ पडलेला, घरात दाणा नाही. आई पोराला घेऊन रानात जाते. रानात निदान उंबरं तरी असतात. पोराला उंबराच्या झाडाखाली बसवते, "मी विहिरीवरून पाणी घेऊन येते" म्हणते आणि निघून जाते. पोर बसून राहतं. एक म्हातारी अस्वलीण त्याला सांभाळते. पुढं पाऊस होतो, पीक येतं, आणि आई हाका मारत रानात येते. पोर आता दांडगं झालेलं, अंगावर केस वाढलेले, तिला ओळखूही येत नाही. ते झाडाआडून तिला एवढंच विचारतं, "विहीर लांब होती का गं?"

"मग आई काय म्हणते?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही," सर म्हणाले. "काहीतरी म्हणायची. एकच वाक्य होतं. ते ऐकलं की मला रडू यायचं, एवढं आठवतं. वाक्य गेलं."

कारण ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. धाकट्या भावाचा नाद. तिथल्या मोठ्या गोष्टीत आई सावत्र झाली, तर आपल्याही गोष्टीत ती सावत्र केली की बरं दिसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. एकदा ती सावत्र झाल्यावर पोराला न्यायला परत कशाला येईल? म्हणून येणारा बाप केला. विहिरीचं कारण उरलं नाही, ती गेली. शेवटी सावत्र आईला साप चावतो असं घातलं. "सगळं कसं नीट बसलं," सर म्हणाले. "मी खूश. आणि नियमाप्रमाणे वहिनीला वाचून दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"छान लिहिलंयस म्हणाली. तेव्हापासून ती गोष्ट तशीच सांगते. भिशीत, शेजारच्या पोरांना, सगळ्यांना. मला अभिमान वाटायचा गं. छापलेली गोष्ट पुन्हा माणसाच्या तोंडी गेली, असं मी लोकांना सांगायचो." त्यांनी मफलरनं तोंड पुसलं. "मला वाढवलं कुणी? वहिनीनं. ती माझी कोण? सख्खी नव्हे. आणि मी तिच्यासमोर बसून, तिच्याच गोष्टीतली आई खोडून, पोराला टाकून देणारी सावत्र होती असं तिलाच वाचून दाखवलं. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू विचारलंस तेव्हा आलं."

मला तो प्रश्न परत गिळून टाकावासा वाटला. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. अजून होतं. दिल्लीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी वहिनीचं पहिलं मूल दगावलं. तिला अंथरूण सोडवेना. तेव्हा सरांना वर्षभर नगरला मिशनच्या वसतिगृहात ठेवलं होतं. आणायला भाऊ गेला नाही, वहिनी एकटी गेली. येताना आगगाडीत, खिडकीशी बसून, तिनं ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगितली होती.

"ती मला त्या गोष्टीतून काय सांगत होती, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं," ते म्हणाले. "तिनं कधी ‘आई म्हण’ म्हटलं नाही. मला कधी सुचलं नाही."

त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास लागला. वहिनीच्या तोंडून ती गोष्ट पहिल्यासारखी पुन्हा ऐकायची. त्यांनी सरळ मागून पाहिली, आडून मागून पाहिली. आपणच अर्धी सांगून मध्येच विसरल्याचं नाटक केलं. वहिनी दर वेळी पुस्तकातलीच सांगत, साप चावण्यासकट. धाकटा म्हणून त्यांचा जो लाडका होता, त्याचं नाव आता वर्गात निघेनासं झालं. थोरल्याचं बरोबर होतं, असं ते एकदा फळा पुसता पुसता म्हणाले. मी चेष्टा करायला म्हटलं, "सर, तुम्ही तर फक्त फणी फिरवली होतीत." ते म्हणाले, "हो. आणि कान कापला." त्यानंतर मी ती चेष्टा केली नाही.

मग त्यांनी मला गाझियाबादला पाठवलं. त्यालाही आधार होता. जर्मनीतल्या मारबुर्ग गावी गरिबांच्या आश्रमात एक म्हातारी राहायची, तिला सुंदर गोष्टी यायच्या. धाकटा स्वतः गेला, तिनं सांगितल्या नाहीत. बहिणीला पाठवलं, तिलाही नाही. या वयात गोष्टी सांगत बसलो तर लोक नावं ठेवतील, अशी म्हातारीला धास्ती. शेवटी त्यानं आश्रमाच्या व्यवस्थापकाच्या मुलांना पुढं केलं, आणि मुलांना तिनं मजेत सांगितल्या. "मला सांगताना तिला पुस्तक आठवतं. तू परकी. तुला पुस्तक ठाऊक नाही असं दाखव," सर म्हणाले. आणि मी गेल्यावर दूध आणायच्या निमित्तानं स्वतः बाहेर सटकले. दूध फ्रिजमध्ये होतं, ते मला दिसत होतं.

वहिनी ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, परातभर मटार घेऊन सोलत बसलेल्या. मीही सोलायला लागले. गोष्टीचं नाव काढलं तशा त्या शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या, "प्रभाकरनं पाठवलं ना तुला?"

मी नाही म्हणणार होते, पण चेहऱ्यानं दगा दिला. त्या हसल्या आणि त्यांनी गोष्ट सांगितली. सावत्र आई, बाप, साप. आवाज इतका गोड की मी मटार सोलायची विसरले. संपल्यावर मी म्हटलं, "वहिनी, आधी ती सख्खी आई होती म्हणे."

त्यांनी हातातली शेंग मोडली. "अशीच कणीक मळत होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "तो इथं बसून वाचत होता. म्हटलं, हा शिकलेला. मोठमोठ्या पुस्तकांत बघून लिहिलंय, म्हणजे खरी गोष्ट अशीच असणार. आपल्याला आजीनं सांगितली ती चुकीची." मग आवाज खाली आला. "आणि असंही वाटलं गं, याच्या मनात आपलं असंच असेल. टाकलंच होतं ना मी त्याला वर्षभर. असू दे. मी काय त्याची आई नव्हे."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हे त्याला सांगायचं नाही. तो जिवाला लावून घेईल. सांग, वहिनीला आहे तीच गोष्ट आवडते."

सर दुधाची पिशवी घेऊन जिन्यातच थांबले होते. मी तेवढंच सांगितलं. वहिनींना आहे तीच आवडते.

"आवडते म्हणाली?" सर म्हणाले. "दादाच्या पगारात तिघांना भात पुरायचा नाही. आम्हाला वाढून झालं की ती पातेल्याला लागलेली खरवड खरवडून खायची. मला खरवडच आवडते म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. नोकरी लागल्यावर मी एकदा कौतुकानं पातेलं तिच्यापुढं सरकवलं होतं, घे, तुझ्या आवडीचं." ते जिन्याच्या पायरीवर बसले. आतून वहिनी हाक मारत होत्या, चहा टाकलाय, वर या. ते उठले, तोंडावर हसू आणलं आणि वर गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी माफी मागून पाहिली. वहिनींनी विचारलं, कशाची? गोष्टीत सावत्र लिहिलं त्याची, असं सर म्हणाले. "वेडा आहेस का? जेव. पोळी गार होतेय," म्हणून त्यांनी ताटात तूप वाढलं. माफी मागायची तर समोरच्यानं ती घ्यायला हवी, असं सर मला म्हणाले. ते बोलताना त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

दिवाळीच्या सुमाराला वहिनींना अर्धांगाचा झटका आला. एक हात वाचला, आठवण विसविशीत झाली. गॅस कसा लावायचा ते विसरल्या, दादा वारले ते विसरल्या. सर वर्गात येत, ‘फिर से’ म्हणत, पण आता शेपट्या सुटून गेल्या तरी त्यांना कळत नसे. एक आशा मात्र त्यांनी धरून ठेवली होती. अशा आजारात नवीन आठवणी आधी जातात आणि जुनं वर येतं, असं डॉक्टर त्यांना म्हणाले होते. "पुस्तक अलीकडचं. आजीची गोष्ट जुनी," ते मला पुनःपुन्हा सांगत. "येईल बघ. एक दिवस येईल." वहिनी आजारी पडल्या याचा आपल्याला असा उपयोग सुचावा, याचीही त्यांना लाज वाटत होती. तेही त्यांनी सांगून टाकलं.

नाताळात मी फराळ द्यायला म्हणून गेले. सरांना प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. सुट्टीनंतर वर्ग पुन्हा भरला नाही, पुढं वहिनी गेल्या आणि सर नगरला एका भाचीकडे राहायला गेले. फोन करतात, माझं जर्मन विचारतात, पण दिल्लीला परत आलेले नाहीत.

त्या दिवशी गॅलरीत कागदाचा तारा लावलेला होता. ताटात करंज्या होत्या, शेजारणींनी करून दिलेल्या. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. मला त्यांनी भिशीतली कुणी समजून माझ्या सासूची चौकशी केली. मी लग्न न होताच सासू बरी आहे म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "प्रभाकर, गोष्ट वाच ना."

सरांनी पलंगाजवळ मोडा ओढला आणि पुस्तक उघडलं. पान आपोआप तिथंच उघडलं. ते वाचू लागले. दुष्काळ पडला होता, घरात दाणा नव्हता, आणि एक दिवस आई पोराला म्हणाली...

"नीट वाच," वहिनी म्हणाल्या.

सरांनी ओळ पुन्हा वाचली. आई पोराला म्हणाली.

"अरे, सावत्र लिहिलंय तिथं. चष्मा लाव." त्यांनी बोट पुढं करून नेमकी जागा दाखवली. अक्षरं त्यांना दिसत नव्हती. पान पाठ होतं.

सर माझ्याकडं बघायचं टाळत होते. त्यांनी वाचलं, "सावत्र आई पोराला म्हणाली." वहिनींनी समाधानानं मान हलवली. ते वाचत गेले. रान आलं, उंबराचं झाड आलं, पोर झाडाखाली बसलं. तिथं सरांनी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि पुढं वाकून वहिनींचा हात धरला. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. त्यांनी विचारलं, "विहीर लांब होती का गं?"

वहिनी त्यांच्याकडं पाहत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले. मी करंजीचं ताट हातात धरून उभी होते, ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं, तेवढं एक वाक्य हवं होतं.

"कुठली विहीर?" वहिनी म्हणाल्या. "ह्या गोष्टीत विहीर नाहीये. पुढं वाच."

सरांनी पुस्तक उचललं आणि पुढं वाचलं. बाप आला, पोराला घरी घेऊन गेला. सावत्र आई सरपणाला म्हणून परसात गेली आणि तिला साप चावला.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडं गेलं. त्यांनी चांगला हात वर नेऊन त्यांचे डोळे पुसले, लहान पोराचे पुसावेत तसे, पदरानं.

"रडतोस कशाला वेड्या?" त्या म्हणाल्या. "सावत्रच होती ती."